विषबाधेचा रुग्ण आणि सरकारी रुग्णालयाचे दार

(रत्नागिरी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



रत्नागिरी जिल्ह्यातील रासायनिक कारखान्यांविषयी आपल्या चळवळीत आजवर पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले आहे. दाभोळच्या खाडीत मासे मरून वर आले म्हणजे मच्छीमार बांधव रस्त्यावर येतात, निवेदने दिली जातात, पाण्याचे नमुने घेतले जातात. नवा प्रकल्प येऊ घातला म्हणजे जनसुनावणी गाजते. हे सारे आवश्यकच आहे. परंतु या चर्चेत एक साधा प्रश्न मागे राहून गेला आहे. कारखान्यात, टँकरच्या अपघातात किंवा आंब्याच्या बागेत घातक रसायनाची बाधा झालेला माणूस सरकारी रुग्णालयाच्या दारात आणला जातो, तेव्हा तेथे हजर असलेल्या माणसांना समोर काय आले आहे हे ओळखता येते काय? आणि ओळखता आले, तर स्वतःला व इतर रुग्णांना बाधा होऊ न देता त्याला हाताळता येते काय?

हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा आहे असे समजून तो डॉक्टरांवर सोपवून देणे बरोबर होणार नाही. कोणत्या ज्ञानावर कोणाचा अधिकार असावा, धोक्याचा नफा कोणी घ्यावा आणि धोक्याचा खर्च कोणी सोसावा, हे मूलतः अर्थकारणाचे आणि राजकारणाचे प्रश्न आहेत. म्हणूनच त्यांचा विचार या अभ्यासवर्गात व्हावयास हवा.

जिल्ह्यातील धोक्याचे स्वरूप

प्रथम परिस्थिती पाहू. खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत कीटकनाशके, रंगद्रव्यांची मध्यवर्ती रसायने व औषधांचा कच्चा माल बनविणारे कारखाने कित्येक वर्षे चालू आहेत. तेथे २० मार्च २०२१ रोजी एका कारखान्यात स्फोट होऊन ४ कामगार मृत्युमुखी पडले. महिना पुरा होण्याच्या आत, १८ एप्रिल रोजी, दुसऱ्या कारखान्यातील स्फोटाने आणखी ३ बळी घेतले. १२ डिसेंबर २०२४ रोजी जयगडजवळील नांदिवडे येथील माध्यमिक शाळेतील साठाच्या आसपास विद्यार्थ्यांना वायुगळतीमुळे मळमळ, डोळ्यांची आग आणि श्वासाचा त्रास होऊ लागला व त्यांना रत्नागिरीच्या रुग्णालयात आणावे लागले. स्वयंपाकाच्या वायूला वास यावा म्हणून त्यात जे इथाइल मरकॅप्टन अत्यल्प प्रमाणात मिसळतात, त्याचे नाव या संदर्भात पुढे आले.

धोका कारखान्याच्या कुंपणापुरता राहत नाही. जयगडहून निघणारे वायुवाहू टँकर निवळीला महामार्गास मिळतात आणि हातखंब्याच्या वळणांवरून पुढे जातात. ते उलटल्याच्या आणि त्यामुळे आसपासची घरे रिकामी करावी लागल्याच्या बातम्या येथील माणसाला नव्या नाहीत. मिरकरवाड्यासारख्या बंदरांवर मासळीसाठी बर्फ लागतो आणि बर्फाच्या कारखान्यांत अमोनिया असतो. हापूसच्या बागांतून मोहोर फुटल्यापासून फळ हाती येईपर्यंत तुडतुडा व फुलकिडी यांच्यावर फवारणीच्या फेऱ्या चालतात. ही फवारणी करणारा गडी बहुधा स्थानिक मजूर वा नेपाळहून आलेला कामगार असतो आणि डब्यावरची इंग्रजी सूचना त्याला वाचता येत नाही.

याखेरीज एक संथ धोका आहे. इटलीतील विचेंझा प्रांतात मितेनी नावाचा कारखाना होता. ज्यांना ‘चिरकाल टिकणारी रसायने’ म्हणतात, ती पीफास जातीची द्रव्ये तेथे बनत. त्यांनी भूजल दूषित झाले, हजारो नागरिकांच्या रक्तात ती आढळली, कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाला आणि जून २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. त्या कारखान्याची यंत्रसामग्री विकत घेऊन लोटे येथे आणण्यात आली आहे. इटलीतील त्या प्रदेशाच्या आरोग्ययंत्रणेने नागरिकांच्या रक्ततपासणीचा कार्यक्रम हाती घेतला, म्हणून तेथील लोकांना आपल्या शरीरात काय साठले ते कळले. आपल्याकडे यंत्रे आली. परंतु ती तपासणी करण्याची, निदान कामगाराला योग्य तो प्रश्न विचारण्याची, तयारी त्यांच्याबरोबर आली नाही.

भोपाळने काय शिकविले

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. तात्काळ मृत्यूंचा अधिकृत आकडा २,२५९ इतका धरला गेला. प्रत्यक्ष हानी त्याहून कितीतरी मोठी होती. त्या रात्री हमिदिया रुग्णालयात हजारो माणसे आंधळी झाल्यासारखी चाचपडत, धापा टाकीत येत होती, आणि त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरांना हा वायू कोणता, त्यावर उपाय काय, याचा पत्ता नव्हता. कारखान्याकडे विचारणा केली असता, हा वायू डोळ्यांची आग करणारा आहे, प्राणघातक नाही, अशा आशयाचे उत्तर मिळाले. ओले फडके तोंडानाकावर धरावे आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघून जावे, एवढी साधी सूचना वस्तीला आधी मिळाली असती, तरी अनेकांचे प्राण वाचू शकले असते.

भोपाळमध्ये वायूने माणसे मारली, आणि अज्ञानानेही मारली. हे अज्ञान नैसर्गिक नव्हते. ते राखले गेलेले होते. रसायन बनविणाऱ्याला त्याचे गुणधर्म ठाऊक होते. ज्यांच्या फुप्फुसांत ते जाणार होते त्यांना, आणि ज्यांनी त्यांच्यावर उपचार करावयाचे त्यांना, ते ठाऊक नव्हते. ज्ञान ही देखील एक मालमत्ता आहे आणि तिची वाटणी इतर मालमत्तेइतकीच विषम असते, हे समाजवादी कार्यकर्त्याला निराळे सांगावयास नको.

मुंबईतील शिवडीच्या हाजी बंदरावर १४ जुलै २०१० रोजी क्लोरीनची गळती झाली. १९९७ पासून बेवारस पडून राहिलेल्या, गंजलेल्या टाक्यांतून तो वायू सुटला. शंभराहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावे लागले आणि त्यांत मदतीस धावलेले अग्निशामक दलाचे जवानही होते. मदत करणारा स्वतःच रुग्ण होतो, हे या प्रकारच्या आपत्तीचे वैशिष्ट्य ध्यानात ठेवले पाहिजे.

या बाबतीत टोकियोचा अनुभव सर्वांत बोलका आहे. २० मार्च १९९५ रोजी तेथील भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडण्यात आला. जवळच्या सेंट ल्यूक रुग्णालयात त्या एका दिवसात ६४० रुग्ण आले. त्यांतील बहुतेक जण रुग्णवाहिकेची वाट न पाहता चालत, टॅक्सीने, मिळेल त्या वाहनाने आले होते. त्यांचे कपडे न उतरविता, अंग न धुता त्यांना आत घेतले गेले. कपड्यांतून निघणाऱ्या वाफेने रुग्णालयातील शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना त्रास झाला. त्याच सुमारास, आदल्या वर्षी माट्सुमोतो येथे अशीच बाधा पाहिलेल्या एका डॉक्टरांनी वृत्तवाहिनीवर दृश्ये पाहून टोकियोला कळविले, की ही लक्षणे सारिनची दिसतात. ज्याने एकदा पाहिले होते, त्याला ओळख पटली. प्रशिक्षणाचा अर्थ एवढाच, की प्रत्येकाने ते आधी एकदा पाहिलेले असावे.

ओळख कशी पटते

विषे हजारो आहेत, मग तालुक्याच्या डॉक्टरने किती लक्षात ठेवावीत, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर असे, की नावे हजारो असली तरी शरीराच्या तक्रारी थोड्या ठरावीक साच्यांत येतात आणि ते साचे शिकविता येतात.

बागेतून आणलेल्या गड्याच्या तोंडातून लाळ गळते आहे, दरदरून घाम सुटला आहे, छातीत घरघर आहे, उलट्या-जुलाब आहेत आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत. हे उन्हाचे दुखणे नव्हे, सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाची ही बाधा आहे. तिला अॅट्रोपिन लागते, आणि ते नेहमीच्या मानाने पुष्कळ मोठ्या मात्रेत, छातीतील घरघर थांबेपर्यंत द्यावे लागते. रंगद्रव्यांच्या कारखान्यातून आलेल्या कामगाराचे ओठ व नखे निळी पडली आहेत, प्राणवायू लावूनही निळेपणा जात नाही आणि सुईत आलेले रक्त चॉकलेटी दिसते. ही अॅनिलीन वा नायट्रोबेंझीन जातीच्या द्रव्यांची खूण असून तिच्यावर मिथिलीन ब्लू हे औषध आहे. हायड्रोफ्लोरिक आम्ल अंगावर उडालेल्या माणसाची जखम क्षुल्लक दिसते, पण तो वेदनेने तळमळतो. त्याला कॅल्शियम ग्लुकोनेट लागते. क्लोरीन, फॉस्जीन, नायट्रोजनची ऑक्साइडे यांचा वास घेतलेला माणूस तासाभराने ठीक वाटते म्हणतो आणि रात्री त्याची फुप्फुसे पाण्याने भरतात. म्हणून बरे वाटते या त्याच्या शब्दावर विसंबून त्याला घरी पाठवावयाचे नसते. टाकीत उतरलेला कामगार क्षणात कोसळला, त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळला, तर हायड्रोजन सल्फाइडचा वा प्राणवायूच्या अभावाचा संशय आधी घ्यावयाचा असतो आणि तिसऱ्याला उतरू द्यावयाचे नसते.

यांतील एकही औषध दुर्मीळ वा फार महाग नाही. परंतु औषध कपाटात असणे, ते कधी द्यावयाचे हे रात्रपाळीच्या डॉक्टरला ठाऊक असणे आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे सिस्टरला ठाऊक असणे, या तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. अशा बाधेची खात्री करून देणारी कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी गरजेच्या वेळी हाताशी नसणे ही उणीव त्या वेळी ठळकपणे समोर आली. प्रत्येक आपत्तीनंतरच उणीव ध्यानात यावी, असा काही नियम नाही.

आपल्याकडे विषशास्त्र न्यायवैद्यकाच्या विषयात शिकविले जाते. परिणामी विष म्हटले की डॉक्टरांच्या मनात प्रथम पोलीस, पंचनामा आणि शवविच्छेदन येते; उपचार मागाहून. रुग्ण ‘एम.एल.सी.’ झाला, की कागद पुरे करण्याकडे लक्ष जाते. शिक्षणाचा हा कल बदलला पाहिजे.

आणि एक प्रश्न तर खर्चाशिवाय विचारता येतो. इ. स. १७०० मध्ये इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या रोगांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. रोग्याला वैद्य जे प्रश्न विचारतात त्यांत आणखी एक प्रश्न वाढवावा, असे त्यांनी सुचविले: तू काम काय करतोस? तीन शतके उलटून गेली, तरी आपल्या केसपेपरवर नाव, वय, गाव यांच्या बाजूला ‘काम काय, कोणत्या खात्यात, कोणत्या मालावर’ या नोंदीला जागा नसते. ती जागा आखून घेणे ही सुधारणेची पहिली पायरी होय.

दारातली व्यवस्था

ओळखण्याइतकेच हाताळणे महत्त्वाचे आहे. रसायनाने भिजलेल्या माणसाला तसाच स्ट्रेचरवर घालून अपघात विभागात नेले, तर तो विभाग काही तास निरुपयोगी होऊ शकतो. म्हणून त्याचे कपडे दाराबाहेर, आडोशाला, काढून पिशवीत बंद करावयाचे; तेवढ्याने बाधेचा बराच मोठा भाग दूर होतो. त्यानंतर भरपूर पाण्याने व साबणाने अंग धुवावयाचे, डोळे धुवावयाचे आणि मगच त्याला आत घ्यावयाचे. कोरडी पूड असेल तर पाण्यापूर्वी ती झटकून, पुसून काढावयाची. हे करणाऱ्याच्या हातांत जाड हातमोजे, अंगावर अंगरखा, पायांत गमबूट आणि वायूप्रमाणे योग्य तो मुखवटा हवा. सेल्फॉसच्या गोळ्या पोटात गेलेल्या रुग्णाच्या उलटीतून फॉस्फिन वायू निघतो. म्हणून त्याच्या खोलीची खिडकी उघडी हवी आणि तोंडाला तोंड लावून श्वास देणे वर्ज्य समजावयास हवे.

या व्यवस्थेला लाखो रुपयांची इमारत लागत नाही. दाराशेजारी फरसबंदी केलेली जागा, एक नळ व रबरी नळी, आडोसा, घाणपाणी वेगळे साठविण्याची टाकी, पिशव्या, साबण आणि स्वच्छ कपडे एवढे पुरते. मात्र पाणी हवे. ज्या जिल्ह्यात पावसाळ्यात अतोनात पाऊस पडतो आणि मे महिन्यात वाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते, तेथे रुग्णालयाच्या टाकीत या कामासाठी बारमाही राखीव पाणी ठेवण्याचा नियमच करावा लागेल.

हे काम प्रत्यक्षात करतो कोण? मोठे डॉक्टर नव्हेत. फाटकावरचा रखवालदार, केसपेपर लिहिणारा कारकून, स्ट्रेचर ओढणारे मामा, कपडे बदलणाऱ्या मावशी, १०८ च्या रुग्णवाहिकेचा चालक, सफाई कामगार आणि अखेरीस शवागारातील माणूस यांच्या हातून ते होते. प्रशिक्षणाची परिपत्रके मात्र वरून निघतात आणि वरच थांबतात. दोन वैद्यकीय अधिकारी पुण्याला वा मुंबईला जाऊन येतात, प्रमाणपत्र लावले जाते आणि सहा महिन्यांत त्यांची बदली होते. परिचारिकांपैकी कित्येक कंत्राटी असतात. करार संपला, की त्यांच्याबरोबर शिक्षणही निघून जाते. म्हणून प्रशिक्षण व्यक्तीला देऊन भागत नाही, ते संस्थेत रुजविले पाहिजे. दर तिमाहीला अर्धा दिवस, तिन्ही पाळ्यांतील सर्व श्रेणींच्या कर्मचाऱ्यांना, मराठीत, आपल्याच दारात, आपल्याच नळाखाली हे शिक्षण झाले पाहिजे आणि नव्याने रुजू होणाऱ्याला पहिल्या आठवड्यात ते मिळाले पाहिजे. जे सर्वांत कमी पगारावर सर्वांत पुढे उभे राहतात, त्यांना हातमोज्याचा हक्क सर्वांत आधी मिळाला पाहिजे.

हे खेड्यापाड्यांतील दवाखान्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे मानण्याचे कारण नाही. कोकणातला विंचवाचा दंश एके काळी जवळजवळ मृत्यूच समजला जाई. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली, प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे दाखविले आणि १९८० च्या दशकात त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे हे उपचार आरोग्य केंद्रांतून शिकविले गेले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले. कोकणच्या एका विषाला कोकणच्या आरोग्य केंद्रातून उत्तर मिळाले. कारखान्याच्या विषाला ते मिळू नये, असे कोणते कारण आहे?

आज साधनेही पूर्वीपेक्षा अधिक आहेत. कळंबणी व कामथे येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. ती लोट्याच्या दोन बाजूंना, महामार्गालगत आहेत. रत्नागिरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा सल्ला दूरध्वनीवर मिळू शकतो. टँकरच्या पाठीवरील फलकावर मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे: क्लोरीनचा १०१७, अमोनियाचा १००५, स्वयंपाकाच्या वायूचा १०७५. महामार्गावरील पोलीस हवालदाराने हा चार आकडी क्रमांक वाचून रुग्णालयाला कळविला, तर रुग्ण पोहोचण्यापूर्वी डॉक्टरला अर्धे उत्तर मिळालेले असेल.

कायदा आणि खर्च

भोपाळनंतर कायदे झाले नाहीत असे नाही. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियम झाला. १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना व आसपासच्या जनतेला देण्याचे बंधन मालकावर आले, आणि हा आशय पुढे २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेतही घेण्यात आला. १९८९ च्या नियमांनी कारखान्याबाहेरच्या आपत्तीचा आराखडा आवश्यक ठरविला. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट आणि औद्योगिक वसाहतीसाठी स्थानिक संकट गट स्थापन करण्याची तरतूद केली. स्थानिक गटात सरपंच, स्थानिक डॉक्टर आणि सामाजिक कार्यकर्ते यांना जागा आहे. या कामातील माणसांना प्रशिक्षण देणे व सहा महिन्यांतून एकदा पूर्ण रंगीत तालीम घेणे ही त्याची कर्तव्ये आहेत. म्हणजे जे मागावयाचे आहे ते कायद्याने आधीच कबूल केलेले आहे. उणीव आहे ती ते मागणाऱ्यांची.

तालीम होते तेव्हा ती बहुधा कारखान्याच्या आवारात होते. भोंगा वाजतो, अग्निशामक बंब येतो, पाणी मारले जाते, छायाचित्र निघते. जो ‘जखमी’ झालेला असतो तो रुग्णवाहिकेत बसतो आणि तालीम तेथे संपते. खरी परीक्षा ती रुग्णवाहिका रुग्णालयात पोहोचल्यावर सुरू होते.

आता खर्चाचे पाहू. अर्थशास्त्रात उत्पादनाचा खासगी खर्च आणि सामाजिक खर्च असा भेद केला जातो. कारखान्याच्या हिशेबात कच्चा माल, मजुरी, व्याज, घसारा यांची नोंद असते. कळंबणीच्या रुग्णालयातील खाट, सिस्टरची रात्रपाळी, बुडालेली मजुरी आणि कामगाराचे कायमचे अधू झालेले फुप्फुस यांची नोंद त्या वहीत नसते. ती सरकारच्या आणि कुटुंबाच्या वहीत पडते. वस्तू स्वस्त दिसते, कारण तिच्या किमतीचा एक हिस्सा दुसऱ्यानेच भरलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात १९८६ मध्ये सांगितलेले तत्त्व असे, की धोकादायक उद्योग चालविणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे. हे तत्त्व केवळ नुकसानभरपाईपुरते न ठेवता पूर्वतयारीलाही लागू केले पाहिजे. जो जितके घातक रसायन साठवितो, त्याने तितक्या प्रमाणात जिल्ह्यातील रुग्णालयांच्या सज्जतेचा खर्च उचलावा. मात्र तो पैसा सरकारी यंत्रणेमार्फत, लेखापरीक्षण होऊन, खर्च व्हावा. कंपनीने रुग्णवाहिका भेट दिली आणि फीत कापली, या प्रकाराला सज्जता म्हणत नाहीत. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली विमा हप्त्याइतकी रक्कम पर्यावरण मदत निधीत जमा होते. त्या निधीचा उपयोग आजवर नगण्य झाला आहे. कायद्यात आवश्यक ती दुरुस्ती करून त्यातील हिस्सा या कामाकडे वळविता येईल काय, हे आपल्या प्रतिनिधींनी विधिमंडळात व संसदेत विचारले पाहिजे.

दोन आक्षेप

या मागणीवर दोन बाजूंनी आक्षेप येतो. एक बाजू म्हणते, असल्या चर्चेने घबराट पसरते, उद्योग पळतात आणि कोकणचा तरुण पुन्हा मुंबईची गाडी धरतो. मनिऑर्डरवर जगलेल्या या जिल्ह्यात रोजगाराचा प्रश्न हलक्याने घेण्यासारखा नाही, हे मान्य आहे. परंतु घबराट माहितीने पसरत नाही, माहितीच्या अभावाने पसरते. आणि लोट्यात सर्वांत धोक्याच्या जागी उभा असलेला माणूस पुष्कळदा उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेला कंत्राटी मजूर असतो. त्याला आपण कोणते पिंप उचलतो हे सांगितलेले नसते आणि तो बेशुद्ध होऊन आला, तर त्याच्याबरोबर आलेला मुकादमही ते सांगू शकत नाही किंवा सांगू इच्छीत नाही. अशा रोजगाराचे समर्थन करणाऱ्याने निदान त्या मजुराला जगविण्याची व्यवस्था तरी करावी.

दुसरा आक्षेप आपल्याच चळवळीतून येतो आणि तो अधिक गंभीर आहे. रुग्णालये सज्ज करा अशी मागणी करणे म्हणजे विषारी कारखाने राहणार हे मान्य करणे नव्हे काय? लढा कारखाना हटविण्याचा असावा, की त्याच्या जखमींसाठी खाटा मांडण्याचा? या युक्तिवादात तथ्य आहे. प्रतिबंध हा उपचाराहून श्रेष्ठ आहे आणि सज्ज रुग्णालय हे निष्काळजी कारखान्याचे परवानापत्र होऊ देता कामा नये. तथापि जो कारखाना आज चालू आहे, त्यातील कामगार लढ्याचा निकाल लागेपर्यंत श्वास रोखून धरू शकत नाही. शिवाय या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत. रुग्णालयाने प्रत्येक बाधित कामगाराची नोंद नीट केली, कोणत्या कारखान्यातून, कोणत्या द्रव्याने, कितव्या वेळी, हे लिहून ठेवले, तर तीच नोंदवही उद्याच्या लढ्याचा सर्वांत भक्कम पुरावा ठरेल. इटलीतील खटल्यामागेही नागरिकांच्या रक्ततपासणीचे बळ होते. जेथे नोंद नाही, तेथे बाधाच नव्हती असे म्हणायला मालक मोकळा असतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे

भाषणे ऐकून घरी जाण्याची सवय आपल्याला सोडावी लागेल. येत्या काही महिन्यांत करता येतील अशी कामे पुढीलप्रमाणे आहेत. स्थानिक संकट गटाचे सदस्य कोण, त्यांच्या बैठका कधी झाल्या, तालीम कधी झाली आणि तीत रुग्णालय सामील होते काय, ही माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागवावी. लोटे, जयगड व रत्नागिरी परिसरातील कारखान्यांत साठविल्या जाणाऱ्या घातक द्रव्यांची सुरक्षा माहितीपत्रके मराठीत व हिंदीत करून ती कळंबणी, कामथे आणि जिल्हा रुग्णालयात अपघात विभागाच्या भिंतीवर लागतील असे पाहावे. केसपेपरवर कामाची नोंद व्हावी असा ठराव रुग्ण कल्याण समितीत आणावा. आंब्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अॅट्रोपिनचा साठा पुरेसा आहे काय, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना सौजन्याने पण नेमाने विचारावे. कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात बोनसच्या बरोबरीने रसायनाच्या नावाचा हक्क लिहावा. आणि परिचारिका व चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांच्या संघटनांशी बोलून त्यांच्या प्रशिक्षणाची व संरक्षक साधनांची मागणी ही आपलीही मागणी करावी.

यांपैकी एकाही कामाला मोठी सभा लागत नाही. चिकाटी लागते, वही लागते, आणि एकाच कचेरीत पाचव्यांदा जाण्याची तयारी लागते. सरकारी रुग्णालय हे गरिबाचे शेवटचे ठिकाण आहे. तेथून पुढे त्याला जाण्यासारखी जागा नसते. तेथे उभ्या असलेल्या माणसांना ज्ञान, साधने आणि सन्मान देणे हा समाजवादाच्या मोठ्या कार्यक्रमातील एक लहान, परंतु आजच करता येण्याजोगा भाग आहे. तो आपल्या तालुक्यापासून सुरू व्हावा.